चिंधीत अडकलेली तार

आमच्या दुकानात सुई तुटली की तिचे दोन्ही तुकडे सापडल्याशिवाय कपडा बाहेर जात नाही. गिऱ्हाईक बोंबलो की लग्न खोळंबो. इथं कानडी मुलखात, अग्रहाराच्या पेठेत, आम्ही शिंपी तीन पिढ्या हेच करत आलो. तुकडे कागदाला टोचून ठेवायचे, मगच कपड्याला इस्त्री. तान्ह्या पोराच्या झबल्यासाठी एवढं! आणि नऊ माणसं बसतात त्या विमानासाठी? सही केली की झालं.

माझा मुलगा रक्षित अशाच छोट्या विमानांच्या एका कंपनीत मेकॅनिक. दर महिन्याला तो माझ्याकडून मऊ चिंध्या न्यायचा. विमानाचं नाक वर उचलणारी एक केबल असते, बारीक तारा वळून केलेली. तिच्यावरून चिंधी फिरवायची. एखादी तार तुटली असेल तर चिंधी तिथं अडकते. माझ्या चिंध्यांवर विमानं उडतात, असं मी गल्लीभर सांगत फिरायचो. जीभ झडो माझी.

गेल्या गुरुवारी त्याच्या कंपनीचं असंच एक विमान उतरताना धावपट्टीच्या अलीकडेच नाकावर आपटलं. प्रवासी वाचले, हातपाय मोडून. विमान चालवणारी यशस्विनी गेली. सोबतचा पायलट अजून शुद्धीवर नाही. दुसऱ्याच दिवशी कंपनीनं पेपरात सांगून टाकलं, पायलटचा अंदाज चुकला, केबल आपटल्यामुळे तुटली. मेलेलं माणूस उलटून बोलत नाही, हे त्या हरामखोरांना बरोबर ठाऊक.

तेव्हापासून रक्षित कामावर गेला नाही. दुकानात मागच्या मशीनवर बसून काजं करतो, वर बघत नाही. मला वाटायचं, पोराला धक्का बसलाय. आज सकाळी त्याची कामाची पँट उसवलेली दिसली म्हणून शिवायला घेतली आणि खिसा उलटा केला. आत चिंधी होती, माझ्याच दुकानातली, निळ्या फुलांची. अंगठ्यात कचकन काहीतरी घुसलं. मला सुई वाटली. बघतो तर केसासारख्या तारेचे तीन तुकडे.

"हे काय रे?"

"सुम्ने राहू दे अप्पा, उगाच कशाला. काही नाही ते."

"काही नाही? माणूस गेलंय!"

मग त्यानं सगळं ओकलं. चिंधी अडकली होती. त्यानं ती मॅनेजरला नेऊन दाखवली. मॅनेजर म्हणाला, आपल्याकडे दुसरं विमान मोकळं नाही, पुढच्या तपासणीला बदलू, आत्ता लिहू नकोस. आणि माझ्या चिरंजीवांनी लिहिलं, 'केबल ठीक.' खाली सही.

"मी केली नसती तर दुसऱ्या कुणाची घेतली असती त्यांनी."

"मग दुसरा गेला असता खड्ड्यात! तू कशाला गेलास?"

त्या मॅनेजरला कात्रीनं उभा फाडावा असं वाटलं, आणि त्याच कात्रीनं ह्यालाही. तुकडा जपून ठेवायची घरची सवय बरोबर लागली, कपडा अडवायची तेवढी लागली नाही. उद्या ह्याला चौकशीवाल्यांनी बोलावलंय. काय सांगायचं ते मॅनेजरनं फोनवर पाठ करून घेतलंय. खरं बोललास तर लायसन जाईल, तुरुंगात जाशील, असा दमही दिलाय.

आम्ही असे भांडत असतानाच फत्तेसिंगराव पायरी चढून आले. यशस्विनीचे वडील, येलवाल गावचे. हातात आमच्या दुकानाची पावती. गणवेशाचा शर्ट खांद्यात घट्ट होतो म्हणून पोरीनं तो सैल करायला टाकला होता. मी तो काढून दिला. त्यांनी घेतला, पण निघाले नाहीत.

"गुरुराव, पेपरात तिचीच चूक म्हणून घातलंय. गावातही तेच बोलतात. तिची आई जेवत नाही. तुमचा मुलगा तिथंच कामाला, अल्लवा? हो ना? त्याला एवढंच विचारतो. माझ्या पोरीनं त्या माणसांचे हातपाय मोडले काय?"

मी चिंधी उचलली आणि रक्षितपुढे मशीनवर ठेवली. लहानपणी काही फोडलं की बघायचा तसा तो माझ्याकडे बघत राहिला. मी नजर हटवली नाही. आज बापाच्या पाठीमागे लपू देणार नव्हतो.

"काका," तो उठून उभा राहिला, "तिची चूक नाही. केबल आधीच तुटायला लागली होती. मला माहीत होतं. उद्या चौकशीतही हेच सांगतो."

फत्तेसिंगरावांनी डोळे मिटून घेतले. पोरीचं नाव धुऊन निघालं, आता जातील, असं मला वाटलं.

"कधीपासून माहीत होतं?"

"सोमवारपासून."

त्यांनी हातातली पावती डोळ्यांजवळ नेली. तारीख आणि वार माझ्याच अक्षरात होते.

"मंगळवारी संध्याकाळी ती इथं आली होती."

"हो," रक्षित म्हणाला.

"तू होतास?"

रक्षितनं मशीनची कड धरली.

"कॉफी मीच आणून दिली तिला."