तुलनेचं गाव

आकडे पक्षपात करत नाहीत, यावर चंद्रहास पाटलांची देवापेक्षा जास्त श्रद्धा होती. बावीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून ती घट्ट झाली होती. एका संस्थेचा अहवाल लिहायला घेतला आणि ती सैल पडली.

संस्था 'समेट बैठका' भरवायची. केळीचा लोंगर कापून नेणारा आणि ज्याची वाडी तो, दोघांना समोरासमोर बसवायचं. नेणाऱ्यानं कबुली द्यायची, भरपाई आपापसांत ठरवायची, पोलिसांना त्रास द्यायचा नाही. पुस्तकात याला पुनर्स्थापक न्याय म्हणतात. उपयोग सिद्ध झाला तरच देणगीदार पुढचं वर्ष मंजूर करणार होते, नाहीतर बैठका बंद. बैठका चालवणाऱ्या लिलीबाईंनी हे चंद्रहासरावांना तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा सोबत केळी दिली.

चंद्रहासरावांनी आधी जगभरचे सत्तावीस शोधनिबंध वाचले. काही म्हणत, समेटानंतर माणूस पुन्हा गुन्ह्याकडे कमी वळतो. काही म्हणत, राजीखुशीनं बैठकीला येतो तो मुळात सुधारायलाच आलेला असतो, त्यात बैठकीचं काय? एकाच विद्वानाचे दोन निबंध एकमेकांशी बोलत नव्हते. त्यांचा समेट कोणी घडवायचा, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

म्हणून त्यांनी आपली सरळ पद्धत काढली. सांडोर गावात बैठका, शेजारच्या पापडी गावात काहीच नाही. वर्षभरानं दोन्हीकडची भांडणं मोजायची.

सांडोरची भांडणं चाळीसवरून एकवीसवर आली. पापडीची एकोणचाळीसवरून वीसवर. चंद्रहासरावांनी हवापाण्याचासुद्धा विचार करून पाहिला, मग स्वतःच पापडीला गेले. पहिल्याच अंगणात लिलीबाईंचा कार्यकर्ता स्टॅनी दोन शेजाऱ्यांच्या मध्ये बसून चहा पीत होता.

"तू इथं बैठका घेतोस?"

"बैठका नाय, सर. नुसता चहा. सासुरवाडी आहे माझी."

"इथं काही करायचं नाही असं ठरलं होतं ना, स्टॅनी?"

"ठरलं होतं. पण मेव्हणा नि शेजारी कुंपणावरून बोलेनात. तुमच्या तुलनेसाठी वर्षभर भांडत ठेवू त्यांना? पाप लागेल, सर."

"मग बाकीची घरं?"

"एकाकडे चहा घेतला की दुसरा रुसतो ना."

चंद्रहासराव सांडोरला परतले. लिलीबाईंनी सगळं शांतपणे ऐकून विचारलं, "म्हणजे बैठकांचा दुप्पट उपयोग झाला, नाही का, सर?"

तसंही म्हणता येत होतं. अजिबात उपयोग झाला नाही, असंही म्हणता येत होतं. दोन्ही उत्तरांना त्यांच्याच वर्गात पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. आठवडाभर डोकं खाजवून त्यांनी चार पानी खुलासा लिहिला.

देणगीदारांच्या फॉर्ममध्ये खुलाशाला जागा नव्हती. 'दोन गावांतील फरक' एवढाच रकाना होता. त्यात चंद्रहासरावांनी शून्य लिहिलं.

एप्रिलपासून बैठका बंद झाल्या.