शेवटच्या ओळीचा दाखला

चष्मेवालीचेच डोळे जावेत, याला काय म्हणावं! दिव्याखाली अंधार म्हणायला लोक मोकळेच. बत्तीस वर्षं ती वडिलांच्या दुकानात बसून गावाच्या डोळ्यांना नंबर लावत होती. कुणाचा नंबर वाढला की जणू त्यानेच मुद्दाम वाढवला अशा थाटात त्याला चार शब्द सुनावत होती. स्वतःचे डोळे ती दर सहा महिन्यांनी तपासायची, पण त्याच दुकानात आणि भिंतीवरच्या त्याच अक्षरांच्या तक्त्यावर. शेवटची ओळ वाचता आली की झालं, डोळे ठणठणीत.

त्या दिवशी नुसतं डोकं दुखतंय म्हणून ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तिला एका यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली. समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि बाजूला दिवा चमकला की बटण दाबायचं. ती बोट बटणावर ठेवून दिव्याची वाट बघत बसली. शेवटी वैतागून म्हणाली, "अहो, चालू करा ना एकदाचं."

"केव्हाच चालू केलंय," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी कागद समोर ठेवला. काचबिंदू. कडेचं दिसणं गेलं होतं आणि गेलेलं परत येणार नव्हतं. उरलंसुरलं थेंबांनी टिकवायचं, आणि गाडी आजपासून बंद.

"असं कसं? मी शेवटची ओळ वाचते!"

"शेवटची ओळ समोर असते, बाई. हा रोग कडेकडेने खात येतो. आणि तुमच्या दुकानातला तक्ता तुम्हाला पाठच असणार."

तिने कागद उचलून डोळ्यांसमोर धरला.

"भावंडं किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक भाऊ. धाकटा. बस चालवतो."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "उद्याच घेऊन या त्याला. हे एकाच घरात पुष्कळदा निघतं."

गाडी बंद म्हटल्यावर शहाण्या माणसाने किल्ली पर्समध्ये टाकली असती आणि दुसऱ्याच्या गाडीने घर गाठलं असतं. पण ऐकेल ती चष्मेवाली कसली! ती गाडीत बसली, चौकात आली आणि घराकडे वळायचं सोडून समुद्राच्या रस्त्याला लागली. एकदा शेवटचं समुद्राच्या कडेने जाऊन येते, असं तिने स्वतःला सांगितलं. त्याच रस्त्यावर भावाची बस धावायची, पण हे मनातल्या मनातही कबूल करायची तिची तयारी नव्हती.

रस्ता असा, की तो बघायला लोक लांबून येतात. डाव्या हाताला खोल खाली निळं पाणी, काळे खडक, त्यांच्यावर फुटणाऱ्या लाटा. तिने काचा खाली केल्या. खारा वारा तोंडावर आला, लाटांचा आवाज आला, पण समुद्र काही दिसेना. समोर फक्त डांबर आणि पांढरा पट्टा. मान डावीकडे वळवली की समुद्र दिसायचा, पण रस्ता नाहीसा व्हायचा. मान सरळ केली की रस्ता परत, समुद्र गेला. इतकी वर्षं ती या रस्त्याने जात होती, आणि समुद्र कधीपासून दिसेनासा झाला हे तिला सांगता आलं नसतं. तिला स्वतःची भयंकर चीड आली. त्या चिडीत तिने गाडी आणखी दामटली.

बाळ्याचे डोळे चांगले आहेत, ती स्वतःला बजावत होती. हा धाकटा भाऊ पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, पण घरात बाळ्याच. डेपोला दरवर्षी डोळ्यांचा दाखला लागायचा आणि तो ताईच्या सही-शिक्क्यावर चालायचा. गेल्या महिन्यात तर दिला. शेवटची ओळ त्याने घडाघडा म्हटली होती.

घडाघडा म्हटली होती. वाचली नव्हती.

लहानपणी वडील त्याला अभ्यासाला त्या तक्त्यासमोरच बसवायचे. तो अभ्यास सोडून तक्ता पाठ करायचा आणि पाहुण्यांना उलटा म्हणून दाखवायचा. गेल्या महिन्यात तो हातात चहाचा कप घेऊन स्टुलावर बसला होता आणि तिने तक्त्यामागचा दिवा लावायच्या आत त्याची ओळ म्हणून संपलीही होती. ती हसली होती. घरचा माणूस, त्याला काय तपासायचं, म्हणत तिने शिक्का मारला होता.

तेवढ्यात दारावर धाडकन आवाज झाला. तिने ब्रेक मारला. डावीकडे एक सायकलवाला रस्त्याच्या कडेला पडला होता. तो उठला, खरचटलेलं कोपर धरून खिडकीशी आला आणि ओरडला, "आंधळी आहेस का?"

"हो," ती म्हणाली. तोंडातून निघूनच गेलं.

सायकलवाला तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने सायकल उचलली आणि निघून गेला.

पुढच्या वळणावर बसचा थांबा होता. तिथवर ती मुंगीच्या पावलांनी गेली, गाडी कडेला लावली आणि चहाच्या टपरीबाहेरच्या बाकावर बसली. अर्ध्या तासाने बस आली. माणसं उतरून चहाला आली. बाळ्या दांडा धरून, पायरी चाचपत उतरला.

"ताई! तू इथे? दुकान सोडून? आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय!"

"बस इथे, समोर. माझ्या नाकाकडे बघ. मान हलवायची नाही. डाव्या बाजूला किती बोटं दिसतात?"

ताई नेहमी दोनच बोटं दाखवते, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

"दोन," तो हसत म्हणाला.

तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

तिचा चेहरा बघून त्याचं हसू मावळलं. मागे उभा असलेला कंडक्टर हळूच पुढे आला. "ताई, डावीकडचं मी सांगतो ना त्यांना. पुढे दारात उभा राहतो. वर्ष होईल आता. केसाला धक्का नाही लागला कुणाच्या. चौदाच महिने राहिलेत रिटायर व्हायला."

"वर्ष?" ती भावाला म्हणाली. "आणि मला सांगावंसं वाटलं नाही तुला?"

"तुला तरी कुठे कळलं? शिक्का तुझाच आहे."

टपरीपाशी एक आई पोराला बिस्कीट भरवत होती. दोन म्हाताऱ्या कशावरून तरी खिदळत होत्या. चाळीस एक माणसं आणि खाली तो समुद्र. तिने पर्समधून फोन काढला.

"ताई, नको." बाळ्याचा आवाज अगदी लहान झाला. "मला दुसरं काही येत नाही गं. मी काय करू घरी बसून?"

तिला काय कमी वाईट वाटलं? आई गेल्यावर याला तिनेच वाढवलं होतं. तरी तिने डेपोचा नंबर लावला. "मी दिलेला दाखला खोटा आहे," ती फोनवर म्हणाली. "हो, सख्खी बहीण. दुसरा ड्रायव्हर पाठवा, ही बस इथून हलणार नाही."

फोन ठेवला तेव्हा तो तिच्या गाडीकडे बघत होता. दाराला लांबच लांब ताजा ओरखडा होता.

"तू आज गाडी चालवतच आलीस ना?" त्याने विचारलं. "मग तुझं कुणी कुणाला कळवायचं?"

तिने गाडीची किल्ली कंडक्टरच्या हातात दिली. बसची किल्लीही त्याच्याचकडे गेली. माणसं कुरकुरायला लागली. कुणी ड्रायव्हरला शिव्या घातल्या, कुणी नशिबाला. दुसरा ड्रायव्हर यायला तास तरी लागणार होता. बाळ्या येऊन तिच्या बाकावर बसला. बाक हलल्याचं तिला जाणवलं.

बऱ्याच वेळाने बाक पुन्हा हलला. तो नुसता सावरून बसला की उठून गेला, हे मान वळवल्याशिवाय तिला कळणार नव्हतं. ती समोर बघत राहिली. मान वळवायचा धीर तिला झाला नाही.