पतंगिणीची ओटी

म्हसळ्याबाहेर सरकारनं पतंगघर काढलं आणि राही तिथं झाडलोटीला लागली, तेव्हा गावातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. सरकार किड्यांची लग्नं लावतंय म्हणे, आणि करवली कोण, तर कुंकू पुसलेली राही! राहीनं मनावर घेतलं नाही. मनावर घ्यायलाही अंगात जोर लागतो, आणि तिचा जोर रावजीबरोबर संपला होता. नवरा मुंबईच्या गोदीत दगावला, त्याला अकरा वर्षं झाली होती.

तेव्हापासून तिला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. सख्ख्या पुतणीच्या, मैनाच्या, डोहाळजेवणाला ती पहाटेपासून चुलीशी राबली, आणि ओटी भरायची वेळ झाली तशी जाऊ म्हणाली, "राहे, तू जरा मागल्या पडवीत बस." ती बसली. वाईट वाटलं, पण वाईट वाटायचाही कंटाळा यावा इतक्यांदा ते वाटून झालं होतं.

पतंगघरात जाळीचे चोवीस पिंजरे होते. त्यांत ऐनाच्या झाडावरचे रेशमाचे पतंग, चांगले तळहाताएवढे. कोशातून बाहेर पडलेल्या ह्या जिवाला तोंडच नसतं. खाणं नाही, पिणं नाही. आठ दिवसांत जोडी जमली तर अंडी, नाहीतर मरून सुपात.

रानात त्यांच्या जोड्या सहज जमत. पिंजऱ्यात मात्र नर सोडला तरी माद्या ढिम्म. पतंगघराचे टिपणीस साहेब तीन वर्षं ह्यावर डोकं फोडत होते. मुळात काटकुळा माणूस, त्यात हिवतापानं दोनदा धरलेला. खोट मादीच्या डोक्यात आहे, असं त्यांचं म्हणणं. रानातल्या माद्यांचे मेंदू घोटून ते रस काढत आणि बारा जणींच्या कमरेत त्याची सुई टोचत. बाकीच्या बारा जणींना हात लावत नसत. सकाळी बघावं तर सुईवाल्यांच्या जोड्या जमलेल्या आणि बाकीच्या तशाच जाळीला चिकटून.

चौसष्ट सालच्या भादव्यात साहेबांचा निबंध पुरा झाला. दुपारच्या एस्टीनं तो मुंबईला जायचा होता. आनंद सांगायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून साहेबांनी तो राहीला सांगितला.

"मेंदूतला हा रस अंगात भिनला की मादी शेपटाकडून वास सोडते, राहीबाई. त्या वासानं नर येतो. रस नाही तर वास नाही. तो रस माझ्या सुईनं दिला!"

"आन् ज्यांना सुई न्हाय टोचली त्या?"

"तीन वर्षांत एकीची जोडी जमली नाही. एकीचीही!"

राहीच्या हातातला खराटा थांबला. रोज संध्याकाळी साहेब खोलीवर गेले की ती काय करायची, ते तिलाच ठाऊक होतं. बिचारीच्या कमरेत सुई खुपसली म्हणून ती त्या त्या पिंजऱ्याशी थांबायची. ऐनाचा कोवळा शेंडा आणि तांदळाचे दोन दाणे आत सोडून ओटी भरायची. इथं मागं बस म्हणायला जाऊ नव्हती. साहेबांना पिंजरे स्वच्छ लागत, म्हणून ते यायच्या आत सुकला पाला ती काढून टाकायची. सुई न टोचलेल्यांना काही दुखलंखुपलं नव्हतं, त्यांना पाला कशाला द्यायचा?

गप्प राहिलं तर साहेब मोठे होणार आणि तिच्या संध्याकाळी तिच्याच राहणार. बोललं तर साहेबांची तीन वर्षं पाण्यात, आणि विधवेनं ओट्या भरल्याची गावभर बोंब. तिनं एकच जागा दोनदा झाडली. साहेबांनी डिंकाची बाटली उघडली तसं तिला राहवलं नाही.

"साहेब, ते पाकीट चिकटवू नका."

तिनं सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला.

"फक्त सुईवाल्यांना?"

"टोचलेल्या व्हत्या ना त्या."

साहेब ओरडले नाहीत. त्यांनी डिंकाची बाटली बंद केली. "चूक माझी," मग म्हणाले. "बाकीच्यांना नुसत्या पाण्याची तरी सुई टोचायला हवी होती. मग तुम्ही सगळ्यांनाच पाला दिला असता." ते हसले, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. ओटीबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही, आणि राहीला धास्ती त्याचीच होती.

पुढच्या खेपेला सुई नव्हतीच. साहेबांनी चिठ्ठ्या टाकल्या. बारा जणींना पाला, बारा जणींना नाही, आणि तो रोज ताजा घालायचा राहीनंच. दुसऱ्या सकाळी पाल्यावाल्या बाराही जणींच्या जोड्या जमलेल्या होत्या. साहेबांच्या अंगात कितीतरी दिवसांनी जीव आला.

"पाला अगदी जवळ असला की त्याचा वास मिशांना लागतो, तिथून मेंदूला कळतं, आणि मेंदू आपला आपण रस सोडतो! रस तिच्या डोक्यात होताच, राहीबाई. नुसता पाला हवा होता."

उरलेल्या बारा जणी अंड्यांनी भरलेली पोटं घेऊन जाळीला चिकटून होत्या. रोज संध्याकाळी पाल्याचा हारा कमरेवर घेऊन ती त्यांच्यासमोरून गेली. आठव्या दिवशी तिनंच त्यांना सुपात भरलं. तिला फार थकल्यासारखं झालं.

"अजून चारदा करू," साहेब वहीत लिहीत म्हणाले. "म्हणजे कुणी बोट दाखवणार नाही."

"पाला मी घालीन, साहेब. पन ज्यांना द्यायचा न्हाय, त्यांच्याकडं सांजच्याला बघायला तुम्ही जावा. हातात पाला घेऊन त्यांच्याम्होरनं जायला माझ्यानं व्हणार न्हाय."

साहेबांनी मान वर केली. "अहो, किड्यांना ते कळत नाही, राहीबाई."

"न्हाय कळत," राही म्हणाली. "मला कळतं."