दाजीसाहेबांच्या प्रेताची ट्रंक

मित्रांनो, आधीच सांगते, माझ्या अंगावरची भोकं गंजाची नाहीत. ती मुद्दाम पाडली आहेत, आतल्या प्रेताला श्वास घेता यावा म्हणून. हसू नका! मी पत्र्याची एक जुनी ट्रंक आहे आणि मला आयुष्यात दोनच प्रेतं भेटली. पण पहिलं काय बडबडं होतं म्हणून सांगू!

माझा जन्म भुसावळचा. रेल्वेतल्या मोरेश्वर तळेल्यांनी लग्नानंतर मला चांगली ऐसपैस बनवून घेतली. त्यांची बदली झाली, तेव्हा त्यांच्या बायकोचा, विनयाताईंचा, सगळा संसार पोटात घेऊन मी जयपूरला आले आणि मुरलीपुऱ्यातल्या घरात खिडकीखाली बसले. वर्षभर रजया सांभाळायच्या आणि थंडी पडली की बाहेर काढू द्यायच्या, एवढंच माझं काम. मी सुखात होते.

मग इथल्या मराठी मंडळाने गणपतीत नाटक बसवलं, ‘खून झाला, चहा ठेवा’. पडदा उघडतो न उघडतो तोच त्यात दाजीसाहेबांचा खून होतो. आळ आपल्यावर येईल या भीतीने घरातला जो तो त्यांचं प्रेत लपवत सुटतो. लपवायचं कुठे, तर माझ्यात! दाजीसाहेब झाले मोरेश्वरराव. अंगाने काटकुळे, माझ्यात मावणारे, आणि एकदा मेल्यावर त्यांना बोलायचंही नव्हतं.

पण गप्प बसतील ते मोरेश्वरराव कसले! मंडळातली मुलं जयपुरातच वाढलेली. घरी मराठी, बाहेर हिंदी, आणि रंगमंचावर पाय ठेवला की दोन्ही पसार. मग आतून प्रेतच त्यांना संवाद पुरवायचं.

माझी भोकं पाहून विनयाताईंनी कपाळाला हात लावला. “अहो, आता यात रजया कशा ठेवू? झुरळं जातील ना!”

“रजया कपाटात ठेव,” मोरेश्वरराव म्हणाले. “इथे मी राहतो.”

शेजारचा रणजीत इन्स्पेक्टर व्हायचा. भर प्रयोगात एकदा तो अडला. “मतलब... खुनी... खुनी जो आहे तो...” आतून सांगून सांगून मोरेश्वरराव थकले. शेवटी धाडकन माझं झाकण उघडून उठून बसले. “अरे, खुनी या खोलीतच आहे! मेलोय मी, तरी सगळं मलाच सांगावं लागतंय!”

लोक हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. पुढे दर वर्षी सगळे त्या झाकणाकडेच डोळे लावून बसायचे. अख्खं सभागृह हसलं की माझा पत्रा थरथरायचा आणि आत मोरेश्वररावही तोंड दाबून हसायचे. त्यांचं ते हसू फक्त मला कळायचं.

एका हिवाळ्यात मोरेश्वरराव खरोखरच गेले. दवाखान्यातून घरी आलेच नाहीत. नाटक बंद पडलं. मी खिडकीखाली रिकामी पडून राहिले. सगळे संवाद मला पाठ होते, पण ऐकणार कोण? फार आठवण यायची हो त्यांची.

यंदा त्यांची मुलगी मैथिली म्हणाली, “आई, हिच्यात मतलब काहीच ठेवता येत नाही. कबाडीवाले भैया आलेत, देऊन टाकू.” कबाडीवाल्याने मला दारापर्यंत ओढत नेलं, तेवढ्यात रणजीत आला.

“काकू, नाटक परत करतोय. ट्रंक पाहिजे होती. आत उशा भरू.”

विनयाताई माझ्या झाकणावर हात ठेवून उभ्या राहिल्या. “उशा नकोत. मी झोपते आत.”

“काहीही काय, आई! दाजीसाहेब बाई कसे?”

“मग माईसाहेब मेल्या म्हणा. मला बघायचंय, हे आत पडून काय ऐकायचे ते.”

प्रयोगाच्या दिवशी सांगानेरी छापाची चादर अंथरून, गुडघे पोटाशी घेऊन त्या माझ्यात झोपल्या. किती दिवसांनी माझ्या पोटात कुणाची तरी ऊब होती! पहिला हशा उसळला. भोकांतून आलेले उजेडाचे ठिपके त्यांच्या चेहऱ्यावर पडले होते. त्या हसत होत्या आणि डोळे वाहत होते.

आणि रणजीत अडला. नेमका त्याच वाक्यावर. तो माझ्याकडे बघत राहिला, लोकही बघत राहिले. वाक्य मला माहीत होतं, पण मला कुठलं बोलता येतंय? आतून विनयाताई, घरात बोलाव्यात तशा, मोठ्याने म्हणाल्या, “अहो, सांगा ना त्याला!”

मोरेश्वररावांना ओळखणाऱ्यांनी माना खाली घातल्या. रणजीतने बाहीने डोळे पुसले आणि न अडखळता म्हणाला, “खुनी या खोलीतच आहे.”

पडदा पडला तरी विनयाताई बाहेर येईनात. मैथिलीने झाकण उचललं. “आई, चल ना.”

“जरा पडू दे मला इथे.”

मैथिली मला टेकून खाली बसून राहिली.

मित्रांनो, माणूस गेला की घर आवरायची फार घाई होते. चपला, चष्मा, रिकामी ट्रंक, ‘आता काय कामाचं’ म्हणत सगळं दारापाशी जातं. आवरा, पण लगेच नको. त्या माणसाशी कुणाला अजून दोन शब्द बोलायचे असतील, तर त्यांचं बोलणं आधी होऊ द्या.