चुनाडबीत लपवलेली गोळी

मी एक जुनी पितळी चुनाडबी आहे. एका टोकाला तंबाखू, दुसऱ्या टोकाला चुना. मित्रांनो, माझी गोष्ट सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण सांगते.

वीस वर्षं मी मुखरूभाऊंच्या कंबरेला होते. ते मूल गावाजवळचे धानाचे शेतकरी. आमच्याकडे कुणी चिमूटभर तंबाखू मागितली तर नाही म्हणायची रीत नाही. बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर, मी हातोहात फिरायची. "डबी असावी तर मुखरूची!" लोक म्हणत आणि मी फुगून जायची.

या देण्याघेण्यानंच घात केला. दोन हजार चार साली मुखरूभाऊंना नवरेपणाची अडचण आली. मूलच्या अयूबभाऊ शिंप्याजवळ ते कसंबसं बोलले. त्यांनाही तोच त्रास. त्यांना डॉक्टरनं तपासून गोळ्या लिहून दिल्या होत्या. तंबाखू द्यावी तशा त्यांनी त्यातल्या दोन निळ्या गोळ्या माझ्यात टाकल्या.

"घे ना भाऊ, लाजतं काऊन?"

मुखरूभाऊंना हृदयाचं दुखणं होतं, हे अयूबभाऊंना ठाऊक नव्हतं. मुखरूभाऊंनी ते सांगितलं नाही. संध्याकाळी त्यांनी एक गोळी घेतली. सकाळी बांधीत छातीत जोराची कळ आली. त्यांच्या बायकोनं, गुणाबाईंनी, जीपमधून दवाखाना गाठला.

"कालपासून दुसरी कोणती गोळी घेतली का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मुखरूभाऊंनी बायकोकडे पाहिलं. "नाई," म्हणाले.

अगं बाई! मी तिथंच होते, पण करणार काय? नर्सनं जिभेखाली ठेवायची गोळी काढली. तेवढ्यात गुणाबाईंनी मला मुखरूभाऊंच्या कंबरेतून ओढलं. "या तंबाखूनंच जीव खाल्ला!" म्हणत तंबाखू फेकायला मला उघडलं, तर आत उरलेली निळी गोळी.

"बाई, हे कायची गोळी होय?"

डॉक्टरीणबाईंनी नर्सचा हात धरला. "थांबा! या निळ्या गोळीवर ही जिभेखालची गोळी दिली असती तर रक्तदाब एकदम कोसळला असता. माणूस हातचा गेला असता." मग त्यांनी दुसरे उपचार केले.

मुखरूभाऊ वाचले. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

"मरून गेले असते, पण मले सांगतले नसते?" गुणाबाई रडत म्हणाल्या. "मले तुमी पायजे. बाकीचं का करतो मी?"

मी तर शरमेनं पाणी पाणी झाले. मित्रांनो, तंबाखूही सोडा, पण गोळी मात्र दुसऱ्याची कधी घेऊ नका, आपली कुणाला देऊ नका. अशा दुखण्याला औषध आहे. डॉक्टरकडून तपासून घ्या. आणि काय घेतलं असं त्यांनी विचारलं, तर खरं सांगा. बायको शेजारी उभी असली तरी सांगा.