राणीच्या कॅन्टाटाचं हरवलेलं पान

गेरलिंडे हासेलमायर यांनी चौतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर चर्चच्या माळ्यावरचे संगीताचे जुने कागद लावायला घेतले. बहुतेकांवर ना नाव, ना तारीख. म्हणून त्यांनी ते पट्टीप्रमाणे खोक्यांत लावले. पांढरी एकचे एकात, पांढरी दोनचे दुसऱ्यात. सारा गाव त्यांच्या शिस्तीचं कौतुक करी.

पांढरी दोनच्या खोक्यातच त्यांना राणीचा कॅन्टाटा, म्हणजे चार आवाजांनी ऑर्गनच्या साथीने गायचं गाणं, सापडला. तीनशे वर्षांपूर्वी टेकडीवरच्या किल्ल्यातली राणी मोठ्या आजारातून उठली, तेव्हा तिने तो याच चर्चमध्ये गाण्यासाठी रचून घेतला होता. त्या काळी ज्याला त्याला आपल्या वाट्याचं तेवढंच पान उतरवून देत. चारही आवाजांची पानं मिळाली, ऑर्गनचं मिळालं नाही. आणि गाण्याचा सगळा पाया त्यात.

रविवारी तो गायचा होता.

"आज तालमीपर्यंत पान मिळालं नाही, तर पाया मीच लिहितो," गायकवृंदाचे प्रमुख फोल्कमार म्हणाले.

"तुम्ही छानच लिहाल," गेरलिंडेबाई म्हणाल्या. "पण राणीने ऐकला तो हा नसेल."

"बाई, राणी तक्रार करायला येणार नाही."

"मी येईन."

दुपारी त्या आलुबुखारचा केक घेऊन ऑर्गनपाशी गेल्या. त्यांचा जुना विद्यार्थी टोपेलमान आत शिरून नळ्या साफ करत होता.

"बाई, हे बघा. प्रत्येक नळीच्या टोकाला वरून डाग देऊन तुकडा जोडलाय. मागाहून."

"किती लांबीचा?"

"मोजायलाच हवं का? केक गार होतोय."

"तो गारच असतो. मोज."

त्याने पाच नळ्या मोजल्या. लहान असो की मोठी, प्रत्येक नळी मूळ लांबीच्या साधारण एक अष्टमांशाने वाढवलेली.

"नळी लांब झाली की काय होतं?" बाईंनी सवयीने विचारलं.

"सूर उतरतो. इथे बरोबर एक स्वर." तो हसला. "म्हणजे पूर्वी हा ऑर्गन एक स्वर चढा वाजायचा. बाकीच्यांशी जुळवून घ्यायला वादकाला एक स्वर खालीच वाजवावं लागत असणार."

बाई बशी तिथेच ठेवून माळ्याकडे निघाल्या. गाणं पांढरी दोनमध्ये असेल, तर ऑर्गनवाल्याचं पान पांढरी एकमध्येच लिहिलेलं असणार. पांढरी एकचं खोकं त्यांनी स्वतः लावलं होतं आणि या कामासाठी एकदाही उघडलं नव्हतं.

नववा कागद. वर फक्त 'ऑर्गन'. तीन भाग: अडतीस, एक्कावन्न आणि चोपन्न मात्राखंड. आवाजांच्या पानांवरही नेमके तेवढेच. अक्षरही तेच. त्यांनी दोनदा मोजलं, मग खाली बसून आणखी एकदा.

तालमीला त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "पान हरवलं नव्हतं. मीच ते नीट लावून ठेवलं होतं."

"पंधरा वर्षं?" मागून कोणीतरी विचारलं.

"सोळा."

फोल्कमार ऑर्गनवर बसले. "आज आपण सगळेच एक स्वर खाली गाऊ. ऑर्गन आता चढा राहिलेला नाही, तेव्हा जसं लिहिलंय तसं मला वाजवू द्या."

वरच्या पट्टीतल्या बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. खर्जातले पुरुष कुरकुरले, "आम्ही काय तळघरात जाऊन गायचं?"

"जा. कंदील घेऊन जा."

गाणं सुरू झालं. इतके दिवस अधांतरी वाटणारे आवाज आता जमिनीवर उभे राहिले. तिसऱ्या भागात चारही आवाज थांबले आणि ऑर्गन एकटाच धावत सुटला. बरं झालेलं माणूस पहिल्यांदा जिना उतरताना दोन-दोन पायऱ्या गाळतं, तसा. अकरा मात्राखंड संपले, आणि खर्जातले पुरुष पुन्हा सुरू करायची जागा चुकले.

फोल्कमार थांबले. "झोपलात का?"

"नाही हो. ऐकत होतो."

"ऑर्गन एकटा सुटतो तिथून घेतो. पुन्हा."

पुन्हा ऑर्गन धावला. हे आणखी एकदा चुकले तर बरं, असं गेरलिंडेबाईंना वाटलं.