गेटला बांधलेली माझी बहीण

मित्रांनो, मी एक जुनी साखळी आहे. दाराची नाही, आणि कुत्र्याची तर मुळीच नाही! बर्फात लॉरीची चाकं घसरू नयेत म्हणून त्यांना घालतात ना, ती मी. चाकाचं पैंजणच म्हणा! आणि पैंजण काही एकटं नसतं. मी आणि माझी बहीण एकाच कारखान्यात, एकाच दिवशी घडलो आणि एकाच पिशवीतून आयर्लंडला आलो.

आमचा मालक सारंग. मूळचा नागपूरचा, आयटीतली नोकरी सोडून हौसेने लॉरी चालवणारा. डंडॉकजवळच्या डोंगरातल्या शेतांवर तो मेंढ्यांचा खुराक पोचवतो. आम्ही सीटमागे पडून बर्फाची वाट पाहायचो. पण इथे पडतो तो पाऊस! दोन हिवाळे पिशवीचं तोंडसुद्धा कोणी उघडलं नाही. तरी दोघी होतो ना, म्हणून मजेत होतो.

मग एके दिवशी डोंगरावरच्या नोराआजी म्हणाल्या, "सारंग, गेटची कडी तुटली रे. मेंढ्या रस्त्यावर येतात. बांधायला आहे का काही?"

"आहे ना! ही घ्या साखळी. एक राहू द्या मला."

"आणि बर्फ पडला तर?"

"इथे? आजी, चेष्टा करता का गरिबाची!"

घरी त्याची बायको भार्गवी मात्र चिडली. "अरे शहाण्या, एकच चप्पल दान करतं का कोणी?"

"मागून घेईन गं!"

त्याने मागितलीच नाही. लॉरी हलली की पूर्वी आम्ही दोघी खळखळायचो. आता खळखळ माझ्या एकटीचीच.

तिसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत बर्फ पडला. भरपूर! नोराआजींचा फोन आला, "खुराक संपलाय. मेंढ्या व्यायल्यात. त्यांच्याच पोटात काही नाही, तर दूध कुठून येणार? कोकरं मरतील रे."

चढाच्या पायथ्याशी सारंगने मला चाकाला बांधलं. माझा पहिला बर्फ! मी जिवाच्या आकांताने रस्ता धरून ठेवला. पण पलीकडचं मोकळं चाक जागच्या जागी गरगरत राहिलं आणि लॉरी तिरकी होऊन बांधाला टेकली.

सारंग चालत वर गेला, बहिणीला आणायला. पुढचं मला कळलं ते तो भार्गवीला फोनवर सांगताना. गंजून तिच्या कड्या एकमेकींत अडकल्या होत्या. ती सुटली, पण तुकडे होऊन. मग त्याने पोती पाठीवरून वर नेली. चार फेऱ्या झाल्या. तेवढ्या वेळात दोन कोकरं गेली.

सारंगने आता नवी जोडी आणली आहे. त्या दोघी सीटमागे कुजबुजतात. मी शेडमध्ये खिळ्याला.

मित्रांनो, आमची गरज पडो न पडो, हिवाळ्याआधी एकदा आम्हाला बाहेर काढा. पुसा, तेलाचा हात फिरवा, चाकाला घालून बघा. दोघी आहोत ना, तेही बघा. आणि कोणाला द्यायचंच असेल, तर जोडीने द्या.

माझ्या बहिणीचे तुकडे कुठे टाकले, ते अजून मला कोणी सांगितलेलं नाही.